बर्फवाल्यांचा दुसरा टेक

आमच्या कंपनीला कुणी नावाने ओळखत नाही. पाटी आहे, चांगली ऐसपैस आहे, दादाने हौसेने रंगवून घेतलेली. पण गल्लीच्या तोंडाशी पत्ता विचारा, सायकल दुरुस्तीवाला हातातला पाना तसाच वर करून म्हणेल, "बर्फवाल्यांकडे ना? सरळ जा." कारण आम्ही बर्फाच्या जुन्या कारखान्यात सिनेमे काढतो. मोठमोठ्या कंपन्या आल्या, त्यांनी काचेच्या इमारती बांधल्या आणि गाशा गुंडाळून गेल्याही. आम्ही होतो तिथेच आहोत. आमचे सिनेमे कुणाला स्वस्तातले वाटत असतील तर वाटू देत, स्वस्तातले आहेतच ते. वाईट आहेत असं मात्र ज्याला म्हणायचंय त्याने माझ्या तोंडावर येऊन म्हणावं.

मी या कंपनीची लेखिका. दादाची धाकटी बहीण. डोक्यावर काळा केस औषधाला उरलेला नाही, तरी दादा मला अजून "छोटी" म्हणतो आणि मी ओ देते. सगळे सिनेमे मी लिहिले, एकूण एक. पुरस्कार मिळाला नाही एकही, पण ते देणाऱ्यांचं दुर्दैव.

सुरुवात फोटोच्या दुकानात झाली. दादा तेव्हा पासपोर्टचे आणि शाळांचे फोटो काढायचा. एकदा एक मुलगी फोटो काढायला आली. दादाने बटण दाबलं आणि ती म्हणाली, "माझे डोळे मिटले. एकदा अजून काढा." दादा म्हणाला, "एका माणसाला एकच." तिने खूप हुज्जत घातली, दादा काही बधला नाही. फोटो तिला पसंत पडला नाही तो नाहीच, फोटोवाला मात्र पडला. तीच माझी वहिनी. मिटल्या डोळ्यांचा तो फोटो आमच्या ऑफिसात अजून लटकलाय. येणारा जाणारा विचारतो, ही बाई झोपलीय का म्हणून.

वहिनीबरोबर तिचा भाऊ आला. तो एका मोठ्या कंपनीत कॅमेऱ्याची पेटी उचलायचा आणि दिवसभर मालकांच्या नावाने बोटं मोडायचा. त्याला सगळेच मामा म्हणतात, मीसुद्धा, माझा तो मामा लागत नसला तरी. मामानेच एके दिवशी सांगितलं की तिकडे शूटिंग संपलं की फिल्मची रिळं पूर्ण वापरली जात नाहीत, शेपटाकडचे कोरे तुकडे उरतात आणि ते मातीमोलाने विकतात. कुठला तुकडा वीतभर सीनचा, कुठला हातभर सीनचा. दादाने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "मग त्यांचा सिनेमा का होणार नाही?" तिथे आमची कंपनी जन्माला आली, आणि कपात चहा तसाच राहिला.

जागेचा प्रश्नही सुटला. घरोघरी फ्रिज आले होते, बर्फाच्या कारखान्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. मालकाने मोडकी यंत्रं विकली होती, पण थंड खोल्या तशाच होत्या. जाड भिंती, आतून बुचाच्या लाकडाचं अस्तर, आणि रुळांवर सरकणारा लोखंडी दरवाजा. तो ओढला की बाहेर जग बुडालं तरी आत ऐकू येत नाही. छताला बर्फाच्या लाद्या टांगायचे आकडे होते, त्यांना आम्ही दिवे टांगले. आत आवाज इतका स्वच्छ यायचा की मोठ्या कंपन्यांचे लोक नंतर आमच्याकडे आवाज भरायला यायचे आणि नाक मुरडत जायचे. मुरडा म्हटलं, नाक तुमचं आहे.

आता आमची कामाची पद्धत सांगते, कारण तशी पद्धत जगात दुसऱ्या कुणाची नसणार. सकाळी मामा तुकड्यांचे डबे टेबलावर मांडायचा, प्रत्येकावर खडूने माप. मग मी त्या मापाचे सीन लिहायची. शिंपीण उरलेल्या कापडातून झबलं बेतते ना, तसं. मामा म्हणायचा, "हा तुकडा लहान आहे. भांडण बसेल, समेट बसणार नाही." की मी समेट उद्यावर ढकलायची. आमच्या सिनेमांतली माणसं तुसडी आहेत, एका वाक्यात बोलणं संपवून निघून जातात, असं एका पेपरवाल्याने लिहिलं होतं. त्याला वाटलं ती शैली आहे. वाटू दिलं.

तुकडे मोजके, म्हणून दादाचा नियम: शॉट एकदाच. दुसरा टेक नाही. नट अडखळला, खुर्ची मोडली, दिवा गेला, काहीही होवो, झालं ते झालं. दादा "कट" म्हणायचा आणि माझ्याकडे वळून पुढचा शब्द म्हणायचा, "छोटी, लिही." म्हणजे झालेली चूक गोष्टीत बसव. मी पॅड घेऊन कॅमेऱ्याशेजारी उभीच असायची. दुसऱ्यांचं काम चुकलं की थांबतं. आमच्याकडे चुकलं की माझं सुरू व्हायचं.

एक उदाहरण देते, म्हणजे मी उगाच फुशारक्या मारत नाही हे कळेल. आमच्या तिसऱ्या सिनेमात नवी नायिका होती, बिचारी घाबरलेली. सकाळपासून दिग्दर्शकाला "हो दादा, बरं दादा" करत होती. प्रेमाचा सीन आला. नायक निघालाय, ती त्याचा हात धरून म्हणणार, "थांब ना." तिने हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "थांब ना, दादा."

 तुकडा तिथेच संपला. नायक माझ्याकडे बघतोय, नायिका रडायच्या बेतात. दादा शांतपणे म्हणाला, "छोटी, लिही." मी जेवण सोडून बसले आणि संध्याकाळच्या आत दोघांना लहानपणी ताटातूट झालेले भाऊबहीण करून टाकलं! नायिकेला ते आधीच ठाऊक आहे, नायकाला नाही, आणि त्या एका शब्दाने त्याला कळतं. नायिकेचं लग्न मग खलनायकाशी लावावं लागलं, पण तोही जरा सुधारून घेतला. थिएटरात त्या "दादा"ला लोक अक्षरशः उभे राहिले. आमचा पहिला चाललेला सिनेमा तो. नायिका पुढे मोठी झाली, मुलाखतींत सांगायची की तो सीन तिने पूर्ण विचार करून केला होता. सांगू दे बापडी.

असा सगळा संसार. दादा दिग्दर्शक, मामा कॅमेऱ्यावर, मी लेखिका, पुढे माझा भाचा मोठा झाला तो आवाज बघायला लागला आणि गरजेप्रमाणे चोर, डॉक्टर, वकील व्हायला लागला. आणि वहिनी? वहिनी कपडे शिवायची, सगळ्यांना जेवू घालायची आणि प्रत्येक सिनेमात आई व्हायची. पहिल्यांदा आई झाली तेव्हा तिचा पडद्यावरचा मुलगा तिच्याहून वयाने मोठा होता. केसांना पीठ लावून ती अशी काही वाकून चालली की तो खरंच तिला "अहो आई" म्हणायला लागला.

वहिनी नटी होती. हे मी नणंद असून म्हणते, म्हणजे बघा.

पण तिचं दुखणं एकच. प्रत्येक शॉट संपला की ती उजव्या हाताचं एक बोट वर करायची. तोंडाने बोलायची नाही, आवाज भरणं अजून चालू असायचं ना. एक बोट, म्हणजे "एकदा अजून". आणि दादा मान हलवायचा, नाही. दर शॉटला बोट, दर शॉटला मान. सेटवर तो विनोदच झाला होता. वहिनीने जेवताना भात वाढायला बोट वर केलं तरी सगळे एका सुरात ओरडायचे, "तुकडा संपला!" तीही हसायची. पण मला ठाऊक होतं. एकदा जाकिटाला गुंड्या लावत बसली होती, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "वहिनी, कशाला मागतेस गं? चुकलं तर मी सावरते की."

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही चूक सावरता. माझी चूक होत नाही. पहिल्यांदा मी पाठ केलेलं म्हणते. ती बाई काय म्हणतेय, ते मला म्हणून झाल्यावर कळतं. आणि तेव्हा हे 'कट' म्हणतात."

मी पुढची गुंडी उचलून तिच्या हातात दिली. 

पुढे फिल्म गेली, डिजिटल कॅमेरा आला. आता शंभर टेक घेतले तरी कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं. पहिल्याच दिवशी वहिनीने मोठ्या आशेने बोट वर केलं. आणि दादा? मान हलवली, नाही! मी म्हटलं, "अरे, आता कसला तुकडा संपलाय?" तर म्हणे, आपल्या सिनेमाला चव आहे ती एकदाच घडण्याची, ती सोडली तर आपण चार लोकांसारखे होऊ. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते आमच्या दादाकडे बघूनच म्हणत असावेत. वहिनी बोट वर करत राहिली आणि दादा मान हलवत राहिला.

आता मुद्द्याचं.

मागच्या वर्षीचा सिनेमा मी वहिनीसाठीच लिहिला. यात ती नुसती आई नाही, मुख्य भूमिका. लॉज चालवणारी एक विधवा. तिचा मुलगा लहानपणी हरवलाय. एके दिवशी एक माणूस येतो, म्हणतो, मीच तुझा मुलगा. ती त्याला घरात घेते, लॉजची किल्ली त्याच्या हातात देते. तो असतो भामटा. शेवटी ती त्याला भर दिवाणखान्यात उघडा पाडते. पानभर भाषण लिहिलं होतं मी, एका दमाचं. भामट्याचं काम भाच्याकडे. म्हणजे वहिनीचा खरा मुलगा तिचा खोटा मुलगा झाला होता. बाहेरचा नट घेणं आम्हाला कधीच परवडलं नाही, हे खरं कारण.

सगळा सिनेमा झाला. फक्त ते भाषण राहिलं. आणि त्या आठवड्यात वहिनी कपड्यांच्या खोलीत इस्त्री करता करता खाली बसली. भाचा तिथेच होता, त्याने इस्त्री बाजूला केली आणि आईला उचललं. अर्धांगाचा झटका. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू आणि वाचा, सगळं एका सकाळीत गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, शब्द मात्र येणार नाहीत. आले तर थोडे, तेही उशिरा. मी दवाखान्याच्या जिन्यावर बसून रडले. मला रडताना कुणी पाहिलेलं नाही, त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

वहिनी घरी आली, चाकाच्या खुर्चीत बसायला लागली. ओठ एका बाजूला ओघळलेला, पण डोळे तेच, सगळ्यांवर नजर ठेवणारे. मी मनात सिनेमा बदलून ठेवला होता. माझं कामच ते. म्हातारीला झटका येतो, तिला भामटा ओळखू येतो, पण सांगता येत नाही! भाषणापेक्षा भारी! ती फक्त हात पुढे करते आणि किल्ली परत मागते. एक शब्द नाही. मी उड्या मारतच दादाकडे गेले.

दादा म्हणाला, "दुसरी बाई बघितलीय मी. तुझ्या वहिनीचे सगळे सीन तिच्याकडून परत करून घेऊ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "परत? दुसरा टेक? तू? अख्ख्या सिनेमाचा?"

"हो."

"आणि जन्मभर काय सांगत आलास? झालं ते झालं, छोटी, लिही. मी लिहिलंय, दादा. ऐक तरी."

"ते सिनेमात व्हायचं," तो म्हणाला. "हे तिला झालंय. लोक अंधारात बसून तिच्या तोंडाकडे बघणार, हळहळणार. माझी बायको आहे ती. मी तिचं हसं होऊ देणार नाही."

"आणि तिला काय हवंय ते?"

"तिला विश्रांती हवीय."

"विचारलंस?"

तो दिवे बंद करायला लागला. वर म्हणाला की दुसरी बाई जमत नसेल तर सिनेमाच नको, कंपनीला कुलूप लावू, पुष्कळ झालं. मी संतापाने दरवाजा आपटणार होते, पण आमचा दरवाजा रुळांवरचा, तो आपटता येत नाही. तो ढकलत ढकलत मी बाहेर गेले, आणि निम्मा राग त्यातच गेला.

दुसरी बाई आली. चांगली होती, नाटकात काम केलेली, पोक्त. तिला लॉजवालीचं लोकरीचं जाकीट मापायला हवं होतं, करड्या रंगाचं, मोठ्या खिशांचं, वहिनीने स्वतः विणलेलं. शोधतोय तर सापडेना. भाच्याने कपड्यांची खोली उलटीपालटी केली. शेवटी बघतो तो जाकीट वहिनीच्या मांडीवर, शालीखाली, आणि डाव्या हाताची पकड त्यावर.

"दे गं," दादा खाली बसून म्हणाला. "नुसतं मापायचंय."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने हळूच ओढून बघितलं. बाई गं, काय पकड! जाकीट ताणलं, सुटलं नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी छताच्या आकड्यांकडे पाहिलं. तेव्हा ती नाटकातली बाईच पुढे आली, वहिनीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ज्यांचं आहे त्यांना होतंय की हे. मी कशाला?" पर्स उचलली आणि गेली. तिला पुढच्या सिनेमात मी चांगली भूमिका लिहिणार आहे, ठरलंय.

दादाने तिच्या मांडीवरची शाल नीट केली. मग उठला आणि म्हणाला, "एकच शॉट. एकदाच. आणि लगेच घरी." वहिनीने मान डोलवली. जाकीट तिने आपल्या हाताने माझ्या हातात दिलं, घालून दे म्हणून.

शूटिंग सकाळी ठेवलं, तिला थकवा यायच्या आत. दिवाणखाना लावला, लॉजचं टेबल, किल्ल्यांची फळी. दादाने मामाला कॅमेरा वहिनीच्या डाव्या बाजूला लावायला सांगितला. तिकडून बघितलं तर कळतही नव्हतं काही झालंय म्हणून. उजवी बाजू सावलीत, दिव्याचं तोंड वळवलेलं. मामाने लावला, पण त्याचा चेहरा मला आवडला नाही. लोखंडी दरवाजा ओढला. सगळं शांत झालं.

"ॲक्शन," दादा म्हणाला.

भाचा किल्ली हातात घेऊन उभा. वहिनीने डावा हात वर उचलला.  भाच्याने किल्ली ठेवली, तळहात कलला आणि किल्ली खणकन खाली पडली. भाचा उचलायला वाकला, आईच्या पायाशी गुडघ्यावर, आणि वर बघितलं तर त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काय सांगू! मामा कॅमेऱ्यामागे नाक ओढत होता. मी तर उभ्या उभ्या लिहीत होते, पेन थांबेना: किल्ली पडते, भामटा तिच्या पायाशी येतो, त्याला पश्चात्ताप होतो. आयुष्यभरात इतकी सुरेख चूक माझ्या हाती लागली नव्हती.

"कट," दादा म्हणाला. "छोटी, लि..."

"लिहिलं!"

दादा डोळे पुसत वहिनीकडे निघाला आणि मध्येच थांबला. वहिनीचा डावा हात वर होता. एक बोट.

कुणीही हसलं नाही. कुणी "तुकडा संपला" म्हटलं नाही.

"अगं, उत्तम झालंय," दादा म्हणाला. "विचार सगळ्यांना. छोटीने लिहिलंसुद्धा."

बोट वरच.

खोटं कशाला बोलू, मी चिडले. माझं इतकं छान लिहून झालेलं! "वहिनी, याच्यापेक्षा चांगलं होणार नाही," मी म्हटलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पॅड खाली घेतलं. मग तिने मुलाला बोटाने जवळ बोलावलं. तो वाकला. तिने खिशातला रुमाल काढून त्याचे डोळे पुसले, जरा खसखसूनच, आणि त्याच्या गालावर एक चापटी मारली. भामटा रडत नसतो, एवढं तर आम्हा सगळ्यांना कळलं. मग तिने मामाकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे बोट केलं आणि ते बोट हळूहळू, आपल्या अंगावरून आडवं नेत, पलीकडे नेलं. उजवीकडे. दिव्याकडेही दाखवलं. इकडे वळवा.

मामा हलला नाही. तो दादाकडे बघत होता. आम्ही सगळेच.

दादाचा चेहरा मी जन्मापासून बघतेय. हट्ट कसा येतो तिथे, कसा बसतो, मला पाठ आहे. त्या दिवशी तो आला, बसला आणि बघता बघता उठून गेला. तो वहिनीसमोर गेला आणि तिच्या ओघळलेल्या ओठाकडे, ज्याच्याकडे तो घरीही बघायचं टाळत होता, नीट पाहिलं.

"घाबरलो होतो गं मी," तो म्हणाला. मग वळला. "मामा, कॅमेरा उजवीकडे. दिवा पण. एकदा अजून घेऊ."

मामाने कॅमेरा उचलला तो जवळजवळ पळतच.

दुसऱ्या टेकला किल्ली पडली नाही, पण तळहातावर नुसतीच राहिली. दादा "कट" म्हणालाच नाही. वहिनीकडे बघितलं. ती विचार करत होती. बोट वर. दादा म्हणाला, "एकदा अजून." तिसऱ्याला भाचा अडखळला. बोट वर. "एकदा अजून." पुढचे मी मोजले नाहीत. दर वेळी दादा ते दोन शब्द असे म्हणत होता की जणू इतकी वर्षं तोंडात धरून ठेवले होते.

आणि मग तो टेक आला. भाच्याने किल्ली ठेवली. वहिनीने किल्लीकडे पाहिलंच नाही. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, भामट्याकडे, आणि त्या वाकड्या झालेल्या तोंडावर, पूर्ण उजेडात, राग नव्हता. तिला तो हवा होता. तो खोटा आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तरी तिने लॉजची किल्ली दिली होती, कारण खरा असता तर बरं झालं असतं. मी तो सिनेमा लिहिला आणि मला हे माहीत नव्हतं. माझ्या पानभर भाषणात यातला एक शब्द नव्हता. तिची बोटं एक एक करत किल्लीवर मिटली.

 मी पॅडवरचं पान फाडून चुरगाळलं, आवाज होऊ नये म्हणून मुठीत दाबून ठेवलं. आम्ही सगळे तिच्या हाताकडे बघत होतो. हात हळूच मांडीवर आला, जाकिटाच्या खिशात गेला, किल्ली आत ठेवून रिकामा बाहेर आला. आणि तिथेच राहिला. बोट वर आलं नाही.

"झालं?" दादाने तिला विचारलं.

वहिनीने मान डोलवली.

"मग म्हणू?"

तिने पुन्हा मान डोलवली, आणि तेव्हा कुठे दादा "कट" म्हणाला.